बेटावरच्या उंदराचं हाड: चाळणीपासून तारखेपर्यंत

माणूस बेटावर येण्याआधी तिथे काय होतं आणि नंतर काय उरलं, हे हाडांवरून सांगायचं तर पहिला निर्णय चाळणीचा. ६ मिमी जाळीत कासव, मोठे मासे, डुक्कर, कुत्रा एवढंच अडकतं. उंदीर, सरडे, लहान पक्षी खालच्या ढिगाऱ्यात जातात आणि यादी पाहणाऱ्याला वाटतं, ते इथे नव्हतेच. मी सगळी माती ३ मिमीतून काढतो. शिवाय प्रत्येक थरातली १० लिटर माती वेगळी मोजून १.५ मिमीवर पाण्याने धुतो. वेळ फार जातो, पण इथे निसटलेलं हाड पुन्हा मिळत नाही.

धुतलेली हाडं सावलीतच वाळवायची. उन्हात ती बाहेरून भराभर आणि आतून सावकाश सुकतात, मग पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर खुणाही जातात. खुणा पाहायला तिरपा उजेड आणि १० पट भिंग पुरतं. दगडी पात्याची रेघ अरुंद, तळाशी निमुळती, आत बारीक समांतर ओरखडे असलेली. उंदराच्या दातांचे चर रुंद, सपाट तळाचे आणि जोडीजोडीने. फसवतात ती झाडाची मुळं: त्यांचे पन्हळ वळत जातात, त्यांना फाटे फुटतात.

पक्ष्याची प्रजाती ओळखताना बरगड्यांत गुंतून पडू नये. दंडाचं हाड किंवा पायाचं लांब हाड, तेही टोकं शाबूत असलेलं, संग्रहातल्या सांगाड्याशेजारी ठेवावं. नामशेष प्रजाती बहुतेक संग्रहांत नसते, त्यामुळे सर्वांत जवळच्या जिवंत पक्ष्याचं नाव देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. मी अशा वेळी ‘पाणकोंबडीच्या कुळातला’ एवढंच लिहून थांबतो. चुकीच्या नावाखाली एक नाहीशी झालेली प्रजाती कायमची दडून राहते.

तारखेसाठी पॅसिफिक उंदीर फार मोलाचा. दूरचा समुद्र तो पोहून ओलांडत नाही, माणसांच्या होड्यांतूनच येतो; म्हणजे तो आला तेव्हा माणूसही आला. पण हाडाची कार्बन-१४ तारीख, म्हणजे त्यातला किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून काढलेलं वय, डोळे झाकून घ्यायची नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली उंदरांच्या हाडांवरून ते सुमारे २००० वर्षांपूर्वी आले असं मांडलं गेलं; २००८ मध्ये त्याच ठिकाणची हाडं पुन्हा मोजली आणि उंदरांनी कुरतडलेल्या बियाही तपासल्या, तेव्हा उंदीर येण्याची सुरुवात इ. स. १२८०च्या आसपास निघाली. एक नेहमीचा धोका म्हणजे समुद्रातला कार्बन जुना असतो. समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खाणाऱ्या उंदराचं हाड त्यामुळे खऱ्यापेक्षा जुनं दिसतं. म्हणून कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ (खाण्यानुसार हाडात कमी-जास्त होणारे स्थिर अणुप्रकार) मोजून त्याचा आहार आधी पाहतो. कोलॅजनमधलं, म्हणजे हाडातल्या प्रथिनातलं, कार्बन-नायट्रोजन प्रमाण २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं, तर ते प्रथिन बिघडलेलं किंवा दूषित; तो नमुना बाद. कुरतडलेली बी मिळाली तर तीच आधी पाठवतो: ती एकाच हंगामाची असते आणि तिच्यात समुद्र नसतो.

मोडलेलं हाड जोडायला डिंक लावू नका. त्यातला कार्बन तारखेत मिसळतो. तुकडे एकाच पिशवीत ठेवून थराचा क्रमांक लिहिलात, की पुरे.