ताकदवान गाडीचा क्लच

जोरदार इंजिनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये मॅन्युअल गिअर शिकताना पहिले काही दिवस अ‍ॅक्सिलरेटर विसरा. भल्या पहाटे रिकामा, सपाट रस्ता गाठा. पहिला गिअर टाका आणि क्लच अगदी हळू सोडा. टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, भरपूर असल्याने गाडी आयडलवरच, म्हणजे पेडल न दाबता चालणाऱ्या इंजिनावरच, सरकते. ती सरकू लागते तिथे पाय क्षणभर थांबवा. तोच बाइट पॉइंट, क्लच पकड घेतो ती जागा. जास्त टॉर्क पेलायला प्रेशर प्लेट, म्हणजे क्लच दाबून धरणारी प्लेट, कडक असते, म्हणून पेडल जड लागतं. टाच जमिनीला टेकेल अशी सीट पुढे घ्या.

कर्वे रोडच्या गर्दीत अर्ध्या क्लचवर रांगू नका. घसरणारी क्लच प्लेट तापते आणि जळका वास येतो. पुढे जागा होऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून पुढे सरका. चढावर हँडब्रेक वापरा.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडणं. रेव्ह लिमिटर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारी यंत्रणा, फक्त इंधन तोडतो. खालच्या गिअरमुळे चाकं इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतच राहतात, आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. म्हणून लिव्हर मुठीत आवळू नका. तळव्याने सरळ मागे ओढा, न्यूट्रलचं स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत आणतं.

पावसात कात्रज घाट उतरताना गिअर खाली घेतलात तर क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटरला हलका दाब द्या. इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) चाकांच्या वेगाशी जुळले नाहीत, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात शेपूट फेकते.