नंबर ५ चं पातं अखेर मागे सरकलं. दोष कॅप आयर्नचा

मंडळी, मागच्या नोंदीतला तो स्टॅनली नंबर ५, म्हणजे सुताराचा लोखंडी हातरंधा, आठवत असेल. पात्याची खोली ठरवणारं पितळी चाक पूर्ण फिरवलं तरी पातं तळाबाहेर ३ मिमी लोंबतच राहायचं. त्याचा उलगडा झाला. फ्रॉग (पातं ज्यावर तिरकं टेकतं तो बिडाचा ठोकळा) चुकीचा नाही, योक (चाकाची हालचाल पात्याकडे नेणारी तरफ) झिजलेला नाही, पात्याचाही काही संबंध नाही. कॅप आयर्न, म्हणजे पात्यावर आवळलेली दुसरी पट्टी (पुढे नुसती 'कॅप'), दुसऱ्याच जातीच्या रंध्याचं आहे.

आधी या रंध्याची कुंडली मांडतो, कारण बूट सेलच्या (गाडीच्या डिकीतून जुना माल विकण्याच्या बाजाराच्या) टेबलावर असे खिचडी रंधे ढिगानं येतात आणि 'स्टॅनली' एवढं एक नाव वाचून लोक १५-२० पौंड मोजतात.

सांगाडा अमेरिकन. फ्रॉगच्या मागे बिडात पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या आहेत: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. म्हणजे तो १९१० च्या आधीचा असूच शकत नाही. पुढच्या गोट्याच्या (पुढच्या गोल मुठीच्या) बुडाशी बिडाचं उंच कडं नाही. ते १९२९ च्या सुमारास आलं, उंच गोटे बुडाशी तडकायचे म्हणून. त्यामुळे वरची मर्यादाही ठरली. फ्रॉगला मागून सरकवायचा स्क्रू आहे (१९०७ नंतरची सोय) आणि सांगाड्यात त्याचं भोक मूळचंच आहे, तेव्हा ही जोडी जुळते. इथून पुढे मात्र भेसळ. लिव्हर कॅपचं (पातं फ्रॉगवर दाबून धरणाऱ्या झाकणाचं) भोक मूत्रपिंडाच्या आकाराचं आहे, आणि तो आकार १९३३ नंतरचा. पात्यावर 'मेड इन इंग्लंड', म्हणजे स्टॅनलीनं शेफील्डमध्ये उत्पादन सुरू केल्यानंतरचं, १९३० च्या दशकाच्या अखेरीनंतरचं. मूठ रोझवूडची नाही, बीचला काळपट रंग मारलाय. थिनरचा बोळा फिरवताच कापसावर उतरला. हीच चाचणी बिडाच्या काळ्या रंगालाही लावून बघा. कुणी हातानं मारलेला रंग लगेच सुटतो, भट्टीत भाजलेलं जुनं जॅपनिंग सहसा दाद देत नाही. कॅप आयर्नवर कसलीच खूण नव्हती, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता मूळ दुखणं. बेली पद्धतीच्या (नंबर ५ याच पद्धतीचा) रंध्यात चाक उलट्या दिशेनं फिरवलं की पातं आत जातं. चाकाचे आटे डावे असतात (९/३२ इंच, इंचाला २४), त्यामुळे चाक फ्रॉगकडे सरकतं, योकचे खालचे दोन पाय पुढे जातात आणि वरचं टोक मागे येतं. ते टोक कॅप आयर्नच्या चौकोनी खाचेत अडकलेलं असतं, म्हणून कॅप आयर्न मागे येतं आणि त्याला आवळलेलं पातंही सोबत येतं. या रंध्यात चाक फ्रॉगला जाऊन टेकलं तरी पातं बाहेरच होतं.

मागच्या नोंदीवर तुम्ही सुचवलेलं सगळं एकेक करून तपासलं.

योक झिजलाय का? झिजला असेल तर चाकाला जास्त मोकळी चाल मिळते. अर्धा-पाऊण फेरा फुकट जातो, पण पातं कायमचं बाहेर राहत नाही. हा जुना, बिडाचा एकसंध योक आहे, दोन्ही टोकं शाबूत. पत्र्याचे दाबून केलेले नंतरचे योक फाकतात, त्यांची गोष्ट वेगळी.

फ्रॉग फार पुढे बसलाय का? ही शंका बऱ्याच जणांची होती. पण बेलीत फ्रॉगची बैठक तळाला समांतर असते. फ्रॉग पुढे-मागे केला की तोंड (तळातली पात्याची फट) लहान-मोठं होतं, पात्याची खोली बदलत नाही. खोली बदलते ती बेडरॉकमध्ये (स्टॅनलीची दुसरी मालिका), कारण तिथे बैठक उतरती असते. तरीही फ्रॉग काढून बैठकीवर निळी शाई लावून टेकवला. चारही ठिकाणी डाग उमटले. खाली रंगाचा थर किंवा गंजाची पापडी अडकलेली नाही.

फ्रॉग दुसऱ्या मापाचा आहे का? ४ आणि ५ दोघांनाही २ इंची पातं, त्यामुळे त्यांचे फ्रॉग एकमेकांना चालतात. ४½, ६ आणि ७ ला २⅜ इंच, ३ आणि ५¼ ला १¾ इंच, ८ ला २⅝ इंच. ५½ मध्ये घोळ आहे: जुन्याला २¼, नंतरच्याला २⅜. इथला फ्रॉग २ इंचीच.

पातं लांब आहे का? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पात्याची लांबी किती, त्याची लांब खाच कुठे संपते, याचा खोलीशी काही संबंध नाही. योक पात्याला धरत नाही, कॅप आयर्नला धरतो. पातं फक्त कॅप आयर्नला ५/१६ इंची स्क्रूनं आवळलेलं असतं. झिजून बोटभर उरलेलं पातंही, लिव्हर कॅपखाली पकड मिळते तोवर, त्याच ठिकाणी कापतं.

खरा पुरावा तळ वर करून, डोळ्यांच्या पातळीत धरून बघितल्यावर मिळाला. तळाबाहेर पात्याची धार तर होतीच, पण तिच्यामागे कॅप आयर्नची कडाही जवळजवळ २ मिमी बाहेर दिसत होती. पातं कॅपच्या पुढे १ मिमी ठेवलेलं होतं, तेव्हा हिशेब बरोबर लागतो. आवळण्याची जागा बदलून हे सुटणार नाही. कॅपच बाहेर येत असेल तर तिची खाच कडेपासून जास्त लांब आहे, दुसरं कारण उरत नाही.

तुलनेला घरात रेकॉर्डचा ०५½ होता, पण त्याची कॅप २⅜ इंची, फ्रॉगवर बसत नाही. मग गेल्या रविवारच्या सेलमध्ये ८ पौंडांत एक रेकॉर्ड ०४ मिळाला. (रेकॉर्डचे आकडे ठाऊकच आहेत: स्टॅनलीच्या नंबराआधी शून्य. १९३१ पासूनची ही शेफील्डची मालिका.) त्याची कॅप नंबर ५ वर चढवली आणि पातं मुकाट्यानं आत गेलं, चाकाच्या मधल्या टप्प्यातच धार तळाशी समपातळीत आली. दोन्ही कॅप शेजारी ठेवून खाचेच्या पुढच्या काठापासून कडेपर्यंत व्हर्नियरनं मोजलं तर संशयित ६ मिमी जास्त भरली. योकला मागच्या बाजूला मिळणारी चाल साधारण ३ मिमी, म्हणून उरलेले ३ मिमी बाहेर.

असली लांब कॅप येते कुठून? लाकडी तळाच्या, बिडाचा वरचा भाग असलेल्या स्टॅनलीतून, ज्यांना आपण ट्रान्झिशनल म्हणतो. तळ लाकडाचा म्हणून जाड, फ्रॉग उंचावर, त्यामुळे खाचेपासून धारेपर्यंतचं अंतर जास्त लागतं. रुंदी २ इंच असल्यामुळे उमेदवार मोजके, उदाहरणार्थ १५ इंची जॅक नंबर २६, नाहीतर मुठीचा स्मूदर नंबर ३५. या रंध्यांचं लाकूड कीड लागून किंवा तडकून गेलं की लोखंड खोक्यात पडतं आणि कुणीतरी ते 'स्टॅनलीचंच आहे' म्हणून दुसऱ्यावर चढवतं. घर रिकामं करणाऱ्यांच्या गाडीतली खोकी अशीच भरलेली असतात.

तेव्हा खिशातल्या ६ इंची पट्टीवर आता एक रेघ कोरली आहे: ०४ च्या कॅपचं खाच ते कड अंतर. टेबलावर सुटी कॅप दिसली की पट्टी लावायची. एक-दीड मिमी कमी भरली तर चालतं, बहुधा कुणीतरी कड घासलेली असते. जास्त भरली तर ठेवून द्यायची.

पुढचा बेत असा होता की लांब कॅप पुढून ६ मिमी कापायची. पण कापली तर वाकलेला भागच जातो, आणि त्या वाकामुळेच कॅपची कड पात्यावर दाबून बसते. वाक गेला की मधे फट राहते आणि ढलपी त्यात अडकून तोंड तुंबतं. तापवून पुन्हा वाकवता येईल, पण २ इंच रुंदीत वाक सरळ रेषेत आणणं किचकट आहे. ते रद्द.

हे लिहीत असतानाच दुसरं सुचलं. फडताळात रेकॉर्डच्या स्टे-सेट कॅपचा मागचा भाग पडून आहे, पुढचा तुकडा नसलेला. स्टे-सेट दोन तुकड्यांची. धार लावताना पुढचा तुकडा सुटा निघतो आणि नेमका तोच हरवतो. म्हणूनच 'एसएस' खुणेचे रंधे सेलमध्ये अर्धवट दिसतात. घेताना लिव्हर कॅप उचलून पुढचा तुकडा आहे ना, हे आधी बघा. नसेल तर भाव निम्मा करायला सांगा. आता अंतर माहीत असल्यामुळे तो तुकडा मऊ पोलादाच्या पट्टीतून घडवता येईल. मागची वळी खाचेत सैल न होता बसली पाहिजे, आणि पुढच्या बाजूचा खालचा पृष्ठभाग १ ते २ अंश आतल्या बाजूला उतरता घासला पाहिजे, म्हणजे फक्त पुढची कड पात्याला टेकेल. दिव्यासमोर धरल्यावर उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा घासायचं. आडव्यातिडव्या रेषेचं लाकूड उपटू नये म्हणून ही कड धारेच्या अर्धा मिमी जवळ आणावी लागते, तेव्हा बैठक खोटी असून चालणार नाही. नवी तयार कॅप विकत मिळते, आणि दोन तुकड्यांची क्लिफ्टनची तर उत्तमच असते, पण असल्या खिचडी रंध्यासाठी ती घेणं मनाला पटत नाही. सुटे भाग ऑनलाइन विकणारे तर चांगले रंधे फोडून एकेक स्क्रू 'दुर्मीळ' म्हणून विकतात. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

गंजाबद्दल थोडं. ०४ चे सुटे भाग लिंबूफुलाच्या पाण्यात ठेवले: लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाणी, तीन-चार तास. त्याहून जास्त ठेवलं तर पोलाद करडं पडतं आणि पात्याची पाठ खरखरीत होते. पितळी चाक सोबत टाकू नका, लोखंडावर तांब्याची लालसर झाक चढते. बाहेर काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, लगेच पुसून हेअर ड्रायरनं वाळवायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. दहा मिनिटं ओलं राहिलं तर नवा केशरी गंज धरतो. विजेच्या पद्धतीत स्टेनलेसचा तुकडा टाकणारे अजून भेटतात. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड वापरा.

बाकी सेलच्या फेरीत दोन गोष्टी. ब्रिस्टलच्या ग्रीनस्लेड या रंधाकाराचा नंबर १० चा गोल (फुगीर तळाचा) लाकडी रंधा २ पौंडांत मिळाला. ९½ इंच, बीच, कडा गोलसर काढलेल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा. सपाट, रुंद कडा असत्या तर त्याहून जुना म्हटला असता. पुढच्या टोकावर तीन वेगवेगळी नावं ठोकलेली आहेत. नवख्यांची गल्लत इथे होते. ज्या ठशात गावाचं नाव असतं तो सहसा रंधाकाराचा. बाकीचे मालकांचे, आणि तीन-चार पिढ्यांचे मालक एकाच रंध्यावर सहज सापडतात. मागच्या टोकावरचा आकडा मापाचा. याच्या जोडीचा पोकळ (खोलगट तळाचा) नंबर १० सापडला तरच उपयोग. अर्धा संच म्हणजे सम आकड्यांचे नऊ जोड, अठरा रंधे. सुटे जमवून संच पुरा होतो, पण घडण आणि उंची जुळत नाही, म्हणून शक्यतो एकाच ठशाचे बघा.

दुसरी गोष्ट करवतींची. मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर 'वॉरंटेड सुपीरियर' आणि गरुड दिसला की डिस्टनची (नावाजलेला करवत-कारखाना) समजून ओढायची घाई नको. तो बिल्ला बाजारात कुणालाही मिळायचा, कितीतरी कारखाने वापरायचे. बिल्ल्यावर कारखान्याचं नाव असेल तरच ते पुरावा. पात्यावरची कोरीव खूण बघायची तर ओल्या कागदानं सपाट ठोकळ्यावर घासा, बोटानं नको, नाहीतर उथळ अक्षरं आधी जातात.

टेबलावर रंधा उचलला की आधी तोंडाचे दोन्ही कोपरे आणि बाजूच्या भिंती बॅटरीच्या उजेडात बघायच्या. तडा तिथेच पडतो आणि तेलकट काजळीखाली लपतो. मग पातं बाहेर काढून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं, आणि आता कॅपला पट्टी लावायची. चुंबक खिशात असू द्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पितळ वाचवायला चाकं पोलादाची केली गेली, वरून रंगवलेली असतील तर डोळ्यांना कळत नाही.

पुढच्या आठवड्यात स्टे-सेटच्या तुकड्याची पट्टी कापतो. आणि कुणाला नंबर २६ चा लाकडी धड, कीड नसलेला, दिसला तर कळवा. लांब कॅप तयार आहे, फ्रॉग आणि योक मात्र धडासोबतच हवेत. रेकॉर्ड ०४ वर साधी कॅप परत चढवली आहे, त्याच्या तळाचं सपाटीकरण पुढच्या नोंदीत.