मिक्स्ड बिलचा क्रम रंगमंचाच्या फरशीवर ठरतो

एकाच संध्याकाळी जुनी-नवी चार छोटी बॅले दाखवायची, म्हणजे मिक्स्ड बिल करायचं, तर क्रम लावताना आधी कालानुक्रम किंवा मूड बघितला जातो. माझ्या मते सुरुवात फरशी, पाय आणि मध्यंतर यांपासून करावी.

उदाहरणादाखल चार नृत्यरचनाकारांची चार कामं घेऊ: पेतिपाच्या 'ला बायादेर'मधला (1877) शेड्सचा प्रवेश, बॅलनशीनचं 'चायकोव्हस्की पा द दे' (1960), यिरी किलियानचं 'पेतित मोर' (1991) आणि विल्यम फोर्साइथचं 'इन द मिडल, समव्हॉट एलिव्हेटेड' (1987).

शेड्स पहिलंच हवं. नर्तिका एकामागून एक उतारावरून अराबेस्क (एका पायावर तोल, दुसरा मागे ताणलेला) करत खाली येतात. हा उतार प्रेक्षक यायच्या आधी उभा करून ठेवता येतो, पण काढायला अख्खं मध्यंतर जातं. दुसरं कारण पायांचं. सर्वात आधी उतरणारीला सर्वात जास्त अराबेस्क करावी लागतात, म्हणून पोटऱ्या ताज्या असलेल्याच बऱ्या. पॉइंट शूजचं (बोटांच्या टोकावर नाचण्याच्या कडक बुटांचं) टोक आधी भिंतीवर किंवा हातोडीने ठोकून मऊ केलं नाही, तर चोवीस जणींची टकटक व्हायोलिनच्या वर ऐकू येते.

मध्यंतरानंतर 'पा द दे'. जेमतेम दहा मिनिटांचं, दोघांचं, मोकळ्या रंगमंचावरचं. मागे साधा पडदा सोडला की त्याच्याआड 'पेतित मोर'चं सामान आवाज न करता लावता येतं: सहा फॉइल (तलवारबाजीच्या बारीक) तलवारी, चाकांवरचे काळे पोशाख, भलंमोठं काळं कापड. मग पुढचा पडदा पाडून तीनेक मिनिटांचा विराम पुरतो.

खरी अडचण इथे येते, राळेची. पॉइंटवरच्या नर्तिकांना पकड हवी असते म्हणून त्या टोकाला राळ लावतात. ती फरशीवर अंथरलेल्या व्हिनाइलच्या पट्ट्यांवर उतरते आणि चिकट ठिपके राहतात. 'पेतित मोर'मध्ये पॉइंटविना नाचणाऱ्याचा पाय तिथे वळता वळता अडकतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. राळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओल्या पोछ्याने नुसती धूळ निघते. म्हणून राळेचा ट्रे विंगेतच ठेवावा, नर्तिकांनी बाहेर येण्याआधी तळवा पुसावा. विरामात माग दिसतील तेवढेच स्पिरिटच्या फडक्याने काढावेत आणि फरशी कोरडी झाल्याची हाताने खात्री करावी. पट्ट्यांच्या जोडावरची टेपही तेव्हाच दाबून घ्यावी. सुटलेल्या कडेला चाक अडतं.

मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्तोंमुळे 'पेतित मोर' वाद्यवृंदासह करायचं, तर पिटमध्ये (रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात) पियानोची जागा पहिल्यापासून राखावी लागते. मध्येच तो आत आणता येत नाही.

फोर्साइथ दुसऱ्या मध्यंतरानंतर, शेवटी. थॉम विलेम्सचं इलेक्ट्रॉनिक संगीत ध्वनिमुद्रित आणि दणदणीत आहे. त्यानंतर कोणताही वाद्यवृंद कानाला बारीक लागतो. शिवाय वादकांना लवकर मोकळं करता येतं. तोल मुद्दाम मोडणाऱ्या या कामाला ताठ शँकचे (तळव्यातल्या आधारपट्टीचे) शूज बरे. शेड्सचे मऊ झालेले शूज इथे दगा देतात.

हिशोब: 40 मिनिटं शेड्स, 20 मध्यंतर, 10 पा द दे, 3 विराम, 18 किलियान, 20 मध्यंतर, 26 फोर्साइथ, एकूण 137.

शेड्समधली नर्तिका फोर्साइथच्या नऊ जणांतही असेल, तर मधला तासभर तिने बसून काढू नये. पोटऱ्या थंड पडल्या की पहिल्याच जोरकस रेलेव्हेला (टाचा उचलून वर चढण्याला) स्नायू धरतो. दुसऱ्या मध्यंतराआधीच तिचा वेगळा बार (दांडीला धरून करायचा सराव) सुरू व्हायला हवा.