टोंटो लूप, चौथी खेप: मळमळीचं कोडं सुटलं

मंडळी, ग्रँड कॅनियनचा टोंटो लूप अखेर धडपणे झाला! साउथ कायबाबच्या वाटेने टिप ऑफच्या थांब्यापर्यंत उतरायचं, टोंटोच्या आडव्या वाटेने पश्चिमेला हवासुपाई गार्डन्स गाठायचं आणि ब्राइट एंजलच्या वाटेने वर यायचं, साधारण 13 मैल. आधीच्या तिन्ही खेपांना ब्राइट एंजलच्या चढावरच्या थ्री माइल रेस्टहाउसच्या आसपास पोटात ढवळायचं, डोकं ठणकायचं आणि उरलेला चढ मी पाय ओढत काढायचे. या वेळी वरच्या बोगद्यातून गुणगुणत बाहेर पडले.

आजवर मी एकच निदान करत होते: पाणी कमी पडतंय. साउथ कायबाबवर पाण्याचा थेंब नाही, म्हणून सुरुवातीलाच चार लिटर पाठीवर आणि गार्डन्सला पुन्हा भरून घ्यायचं. तिसऱ्या खेपेला सात लिटर प्यायले. खाल्लं काय, तर दोन गोड बार. तेव्हाच सगळ्यात जास्त हाल झाले. वर येईपर्यंत बोटं सुजून अंगठी रुतली होती. साबण लावूनही निघेना.

त्या दिवशी वजनाचा काटा गाडीत होता, हे नशीब. पहाटे 138.4 पौंड, परत आल्यावर 140.2. दिवसभर घाम गाळून वजन वाढलेलं! म्हणजे शरीर कोरडं पडलं नव्हतं, उलट पाणी साचलं होतं. घामातून मीठ जात होतं आणि वरून मी नुसतं पाणी ओतत होते, त्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होत गेलं. मळमळ आणि डोकेदुखी पाणी कमी पडलं तरी होते आणि असं जास्त झालं तरी होते, म्हणून फसायला होतं. हे प्रकरण साधं नाही. वाढलं तर माणूस बरळायला लागतो, झटके येतात, जीवही जातो. कॅनियनचे रेंजर पाण्याच्या जोडीला खारट खा म्हणून सांगतात, ते मी इतके दिवस कानाआड केलं.

या वेळी ब्लॅडर, म्हणजे सॅकमधली नळीवाली पाण्याची पिशवी, घरीच ठेवला. नळी तोंडात असली की किती प्यायलो याचा पत्ताच लागत नाही. एक लिटरच्या बाटल्या घेतल्या, एक साधी, एक ओआरएसची. ओआरएसमध्ये लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ असतं. दुकानातली रंगीत स्पोर्ट्स पावडर मला नुसतं सरबत वाटते, मीठ त्यात फारच कमी. आईने पाठवलेलं भडंग दर तासाला मूठभर, आणि तहान लागली तरच पाणी. टोंटोवर सावली नाहीच, पण ऑक्टोबरचं ऊन सोसवलं. गार्डन्सच्या कॉटनवुडच्या झाडांखाली बूट काढून पाऊण तास बसले. (इंडियन गार्डन हे जुनं नाव 2022 साली बदललं, हवासुपाई लोकांचीच ही जागा.)

तिथून रिमपर्यंत, म्हणजे दरीच्या वरच्या काठापर्यंत, तीन हजार फुटांचा चढ. जेकब्स लॅडरच्या वळणांवर पोटाकडे लक्ष ठेवून चालत होते. थ्री माइलला थांबले, अंगठी फिरवली. सहज फिरली! तिथेच डोळे भरून आले. एकूण पाणी साडेचार लिटर, वजन 138.6 वरून 136.9. हा माझ्या घामाचा आणि ऑक्टोबरचा हिशोब आहे. जूनमध्ये तो चालणार नाही, आकडे तसेच उचलू नका.

सह्याद्रीत आधी चढ, मग उतार. दमलो तर खाली गाव असतं. इथे दमायच्या आधीच आपण तळाच्या बाजूला पोचलेलो असतो. म्हणून खाण्याचं वेळापत्रक उतारावरच सुरू करायला हवं. मी ते साउथ कायबाबच्या उतारावरच्या सीडर रिजपासून केलं, पण आता वाटतं की बसमधून उतरल्या उतरल्याच पहिली मूठ तोंडात टाकावी.

पुढचा बेत कॅनियनमधल्याच हर्मिट ट्रेलचा होता. पण हे लिहिता लिहिता एक सुचलं. वजनाचा काटा खाली नेता येत नाही, पण घड्याळाचा पट्टा आहेच, हात सुजला की तो घट्ट होणार. पहाटे कोणत्या भोकात बसतो ते लिहून ठेवायचं आणि प्रत्येक थांब्यावर पाहायचं. त्यामुळे हर्मिट मागे ढकलते. नोव्हेंबरात हाच लूप पुन्हा, भडंग दुप्पट, आणि सोबत येणाऱ्या दोघांच्या मनगटांवरही पट्ट्याची परीक्षा घेते.