पाँडेरोसाखालचं गवत

परवा दिवसभर दंताळं चालवलं, खांदे अजून दुखताहेत. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातल्या फ्लॅगस्टाफ शहराच्या उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्को पीक्स या डोंगरांच्या पायथ्याशी आमच्या अभ्यासाच्या जागा आहेत. तिथे पुढच्या आठवड्यात आग लावायची आहे. त्याआधी प्रत्येक जुन्या झाडाच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा हाताने ओढून बाजूला करावा लागतो. पाँडेरोसा पाइनच्या लांब सुया आणि सालीचे कपचे वर्षानुवर्षं बुंध्याशी साचत जातात. हा ढीग पेटला तर ज्वाळा फारशा उठत नाहीत, पण तो तासन्‌तास धुमसत राहतो आणि तेवढ्या वेळात सालीखालचा जिवंत थर आणि वरवरची बारीक मुळं भाजून निघतात. झाड वरून हिरवं दिसतं आणि वर्षा-दोन वर्षांनी वाळतं. आगी सोसून तीनशे वर्षं टिकलेलं झाड आपण लावलेल्या आगीत जाऊ नये, म्हणून हे दंताळं.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तू जंगल वाचवायला गेलीस ना तिकडे? मग जाळताय कशाला?" प्रश्न रास्त आहे. इथे आले तेव्हा मलाही हाच पडला होता.

फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे. अॅरिझोना म्हटलं की निवडुंग आणि वाळवंट डोळ्यांपुढे येतं, पण इथे शहराला चारी बाजूंनी पाइनचं जंगल आहे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगितलं म्हणून मी एका जुन्या झाडाच्या नारिंगी सालीला नाक लावलं. ऊन पडलेल्या सालीला खरोखर व्हॅनिलाचा वास येतो. आजूबाजूला बारीक काळपट खोडांची इतकी दाटी होती की वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. किती घनदाट जंगल आहे, या आनंदात मी घरी आले. जंगल जितकं दाट तितकं चांगलं, हे मी कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

मग आमचे सर आम्हाला फोर्ट व्हॅलीला घेऊन गेले. अमेरिकेच्या वनसेवेचं पहिलं संशोधन केंद्र 1908 साली इथे सुरू झालं. तिथल्या एका राखीव तुकड्याचा इतिहास झाडं मोजून, जुने बुंधे शोधून, लाकडातली वर्षागणिक वाढणारी वलयं वाचून मांडलेला आहे. 1876 साली तिथे एकरी वीस-पंचवीस झाडं होती. 1992 मध्ये ती बाराशेच्या वर गेली होती. मी हा आकडा वहीत दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा माझीच ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

जुन्या आगींची नोंद लाकडातच असते. आगीने खोडाची एक बाजू भाजली की झाड कडेकडेने नवं लाकूड चढवून ती जखम झाकू लागतं. पुढची आग पुन्हा तिथेच चटका देते. मेलेल्या खोडातून पाचरीसारखा तुकडा कापून, घासून गुळगुळीत केला की वलयांमध्ये डागांमागून डाग दिसतात आणि प्रत्येक डागाचं वर्ष काढता येतं. या भागात साधारण दर दोन ते बारा वर्षांनी आग यायची. उन्हाळ्यातल्या विजेने पेटलेली, गुडघ्याखालची, गवतातून सरकत जाणारी आग. ती लहान रोपं मारायची आणि जाड सालीच्या मोठ्या झाडांना स्पर्शून पुढे जायची. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात डाग एकाएकी थांबतात.

का थांबतात, हे कळलं तेव्हा मी खरी या विषयात अडकले. माझा अंदाज होता की माणसांनी आगी विझवायला सुरुवात केली असेल. ते झालं, पण नंतर. आधी मेंढ्या आल्या. गुरं आली. 1882 मध्ये फ्लॅगस्टाफला रेल्वे पोचली, माल बाहेर पाठवायची सोय झाली आणि कळप अफाट वाढले. गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं. वीज पडतच होती, पण आग पुढे न्यायला गवतच उरलं नव्हतं. म्हणजे या जंगलाची आग आधी जनावरांच्या तोंडाने विझली!

त्यानंतर 1918 मध्ये पाइनला भरपूर बी धरलं, 1919 चा हंगाम ओला गेला आणि उघड्या जमिनीवर रोपांचं रान माजलं. त्यांना मारणारी आग येणार नव्हती. मी पहिल्या आठवड्यात ज्या दाटीवर भाळले, त्यातली कितीतरी खोडं त्या एका वर्षाची आहेत. शंभर वर्षांची झाडं, पण कित्येक माझ्या मांडीपेक्षा बारीक, कारण पाणी आणि ऊन सगळ्यांना पुरत नाही. त्यांच्या सावलीत आणि सुयांच्या थराखाली गवत पुन्हा उगवू शकलं नाही.

सरकारी धोरणाने उरलेलं पूर्ण केलं. 1910 मध्ये आयडाहो आणि मोंटानात सुमारे तीस लाख एकर जळाल्यावर वनसेवेने आगीला शत्रू मानलं. 1935 मध्ये तर नियम झाला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. इंडियन अफेअर्स ब्युरो, म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्यातले वनाधिकारी हॅरल्ड वीव्हर यांनी 1943 मध्ये लिहिलं होतं की पाँडेरोसाच्या जंगलाला आगीची गरज आहे. पण सकाळी दहाचा नियम जायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं.

आता आग लागते ती शेंड्यांवरून धावते. जून 2010 मधल्या शुल्ट्झ आगीत याच डोंगरांचा सुमारे 15,000 एकर भाग जळाला. कुणीतरी न विझवता सोडलेल्या शेकोटीतून ती लागली होती. महिन्याभराने पाऊस आला (उन्हाळ्याच्या या पावसाला इथेही मान्सूनच म्हणतात), उघडे पडलेले उतार पाणी धरू शकले नाहीत आणि खालच्या वस्तीत आलेल्या पुरात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. त्या ओढ्यापाशी मी अनेकदा उभी राहिले आहे. दोन वर्षांनी, 2012 मध्ये, इथल्या मतदारांनी जंगल विरळ करायच्या कामासाठी एक कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. वनसेवेच्या जमिनीवरच्या कामाला शहराने पैसे द्यायचे, ही फार मोठी गोष्ट वाटते मला.

काम मात्र हळू चालतं. चार राष्ट्रीय वनांमधल्या चोवीस लाख एकरांचा आराखडा आहे, पण काढायची ती बारीक झाडं. या लाकडाला गिऱ्हाईक नाही, जवळपास गिरण्या थोड्या. आणि आग लावायची तर वारा, हवेतला दमटपणा, धूर कुठे जाईल, सगळं जुळावं लागतं. अॅरिझोनाच्या पर्यावरण विभागाने परवानगी दिल्याशिवाय मशाल पेटत नाही. धुराच्या दिवसांत दम्याच्या लोकांचे हाल होतात, त्यांची तक्रार खोटी नाही.

यात ज्यांचा विचार सगळ्यात कमी होतो, ते गुरं राखणारे. सरकारी जमिनीवर चराईचा परवाना असतो आणि हिशोब महिन्याचा: एक गाय वासरासह महिनाभरात जेवढं खाईल तेवढा चारा. 2025 मध्ये त्याचा दर 1.35 डॉलर होता. दर किरकोळ वाटतो, पण आग पसरायला गवत उभं असावं लागतं, म्हणजे जाळायच्या आधी तिथली चराई थांबवायची आणि जळल्यावर कोवळे फुटवे जम धरेपर्यंत पुन्हा थांबायचं. आमच्या जागांलगत ज्यांची गुरं चरतात ते काका सत्तरीचे आहेत. मी भीतभीत विचारलं, तुमचं नुकसान होत नाही का? त्यांनी मला कुंपणापलीकडे नेलं. तिथे चार वर्षांपूर्वी झाडं विरळ करून आग दिली होती. अॅरिझोना फेस्क्यू गवताचे झुबके, माउंटन म्यूली गवत, मोकळ्या उन्हात ब्लू ग्रामाची भुवईसारखी वाकडी कणसं. त्यांनी वाकून एक झुबका मुठीत धरला, अर्ध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथपर्यंत गाईचं, याच्या खाली गवताचं स्वतःचं. त्यांच्या आजोबांच्या काळी हे कुणी पाळलं नाही, तेही त्यांनीच सांगितलं.

माझं काम याच गवताचं आहे. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत काय उगवलंय ते गुडघ्यावर बसून मोजायचं. दाट झाडीतल्या चौकटींसमोर माझ्या वहीत ओळीने "सुया, सुया, सुया" एवढंच लिहिलेलं आहे. याच चौकटी आग देऊन झाल्यावर, पुढच्या मान्सूननंतर मला पुन्हा मोजायच्या आहेत.

काकांनी कालच फाटक लावून गुरं पलीकडे नेली. मंगळवारी वारा बेताचा राहिला आणि परवानगी आली तर सकाळी सुरुवात होईल. आई, त्या रात्री धूर पुरता बसेपर्यंत आम्ही तिथेच असू. फोन उशिरा येईल.