दिवसा कुठे असता?

सोमवारी आमच्याकडे डेंग्यूचा आकडा फुगलेला दिसतो. रविवारी बऱ्याच लॅब बंद असतात, मग दोन दिवसांचे रिपोर्ट एकदम येतात. म्हणून मी रिपोर्टची तारीख बाजूला ठेवते आणि ताप कधी भरला त्या तारखेनं यादी लावते. नवी मुंबईत साथरोगांच्या नोंदी ठेवता ठेवता लागलेली ही सवय.

ऑगस्टमधल्या त्या सोमवारी यादी अशी लावली आणि ११ जण उठून दिसले. सगळ्यांना ताप त्याच चार-पाच दिवसांत भरलेला. पत्ते मात्र विखुरलेले. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, दोघं तर पार दिघ्याचे. घरोघरी पिंपं, कुंड्या, फ्रिजमागचे ट्रे बघून झाले होते. अळ्या जवळपास नाहीतच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास जन्मला तिथून फार तर दोन-चारशे मीटर उडतो. ऐरोलीचा डास घणसोलीला जायचा नाही. म्हणजे माणसंच कुठेतरी एकत्र येत होती.

आमच्या फॉर्मवर पत्ता घरचा असतो. आणि हा डास चावतो दिवसा, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. त्या वेळी घरी असतं कोण?

वयं बघितली. ११ पैकी ८ जण १५ ते १७ वर्षांचे. मी फोन घेऊन बसले. पहिल्याच आईला विचारलं, "ताई, मुलगा दिवसा कुठे असतो?"

"कॉलेज, मग चार ते सात क्लास."

दुसऱ्या घरी तोच क्लास. तिसऱ्या घरीही. मोठ्या तिघांपैकी एक तिथला शिपाई, एक खालचा झेरॉक्सवाला. तिसऱ्याचा धागा मला आजही लागलेला नाही.

दुपारी आरोग्य सेवकांबरोबर मीही गेले. क्लासच्या इमारतीत काही सापडलं नाही. शेजारी बांधकाम चालू होतं, तळाला लिफ्टचा खड्डा, त्यात गुडघाभर पावसाचं पाणी. टॉर्च मारला तेव्हा पाणी वरून दाणेदार दिसत होतं. आमची सावली पडली आणि ते दाणे वळवळत खाली गेले. वर बघितलं तर खिडकीत मुलं वह्या काढून बसलेली. अंगावर काटा आला.

पाणी उपसलं, कडा घासून घेतल्या. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं उपसून भागत नाही. क्लासमध्ये धूरफवारणी केली, बांधकामवाल्याला नोटीस दिली. माझ्या यादीत त्याच संध्याकाळी एक रकाना वाढवला, दिवसाच्या ठिकाणाचा.

नवव्या दिवशी त्याच क्लासमधल्या एका मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. काळजात धस्स झालं. मग तारखा काढल्या. चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस जातात, आणि तिला ताप भरला होता पाणी उपसल्यावर तिसऱ्याच दिवशी. चावा आधीचा होता.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी, चहाच्याही आधी, मी त्या रकान्यात क्लासचं नाव शोधायचे. पुन्हा ते आलं नाही.