बांबू आडवाच का हलतो?

आठवीत असताना शाळेच्या वाटेवर, साकवाखाली, कुणीतरी वहाळात बांबू रोवला होता. पाणी सरळ वाहायचं, बांबू मात्र या काठाकडून त्या काठाकडे डुलायचा. ढकलतंय पाणी पुढे, मग हा आडवा का हलतो? विज्ञानाच्या सरांना विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. शाळा सुटल्यावर टेप आणि घड्याळ घेऊन माझ्याबरोबर वहाळावर आले.

पाच मीटर अंतरावरचे दोन दगड धरून आम्ही आंब्याचं पान सोडलं. 10 सेकंद लागले. बांबू 5 सेंटिमीटर जाड. अर्ध्या मिनिटात हेलकावे भरले 60. ‘‘लिहून ठेव. अर्थ पुढे लागेल,’’ सर म्हणाले.

तो लागला इंजिनिअरिंगला गेल्यावर. खांबाच्या मागे भोवरे सुटतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. प्रत्येक भोवऱ्यागणिक दाबाचं पारडं फिरतं आणि खांब आळीपाळीने दोन्हीकडे ओढला जातो. स्ट्रोहाल या भौतिकशास्त्रज्ञाने 1878 मध्ये वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांवर जे काम केलं, त्यातून पुढे सेकंदाला किती हेलकावे, याचा सोपा हिशेब आला: वेगाला जाडीने भागायचं, गोल वस्तू असेल तर साधारण 0.2 ने गुणायचं. मी जुनी वही काढली. सेकंदाला 2. म्हणजे अर्ध्या मिनिटात 60! त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढे नोकरी उच्चदाब वीजवाहिन्यांवर झाली. वादळाला सगळे भितात, पण तारेला कुरतडतो तो मंद, एकसारखा वारा. 3 सेंटिमीटर जाडीची तार, सेकंदाला 3 मीटर वारा: सेकंदाला 20 कंपनं, तासन्‌तास. एकदा तार धरून ठेवणारा क्लँप उघडला, तर आत तारेचे पेड एकेक करून तुटलेले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मनोऱ्याजवळ तारेवर डंबेलसारखी वजनं लटकलेली दिसतात ना, ते स्टॉकब्रिज डॅम्पर. ही थरथर जिरवायलाच असतात.

इंग्लंडमध्ये फेरीब्रिजच्या वीजकेंद्रात 1 नोव्हेंबर 1965 रोजी पाणी गार करणाऱ्या आठ शीतक मनोऱ्यांपैकी तीन कोसळले. पडले ते मागच्या रांगेतले, पुढच्यांच्या आडोशाला असलेले. पुढच्या मनोऱ्यांमागे खवळलेल्या वाऱ्याने त्यांना झोडपलं होतं. आडोसा म्हणजे सुरक्षित, ही समजूत मी नव्या मुलांच्या डोक्यातून आधी काढायचो.

तुटलेल्या पेडाचा एक तुकडा आणि वहीचं ते पान शाळेच्या प्रयोगशाळेसाठी पाठवत आहे. पानावरचा ‘60’ सरांच्या अक्षरातला आहे.